युद्ध चालू असलेल्या देशात परीक्षेला जायचंय : युक्रेनचा व्हिसा, वाट आणि विमा

गोदाकाठ | ६ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

भाची युक्रेनमध्ये इव्हानो-फ्रांकिव्स्कला एमबीबीएसला होती. तिसऱ्या वर्षाला असताना २४ फेब्रुवारी २०२२ ची पहाट उजाडली. तिथल्या विमानतळावर क्षेपणास्त्र पडलं ते पहिल्याच दिवशी, आणि ही होस्टेलवर झोपलेली. चार दिवसांनी रोमानियाच्या हद्दीवर सिरेतला पोचली आणि ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी आली. मग काही महिने ऑनलाइन वर्ग. सप्टेंबर २०२२ मध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) ‘अकॅडमिक मोबिलिटी’ला, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या विद्यापीठात शिकायला, हरकत नाही म्हटल्यावर उरलेली वर्षं जॉर्जियात, तिबिलिसीला. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच मिळणार. आता विद्यापीठाचं पत्र आलंय : शेवटची परीक्षा प्रत्यक्ष द्यायची, तिथे येऊन, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. निमंत्रणाची प्रक्रिया ते करणार आहेत.

घरात दोन तट पडलेत. आमची ताई म्हणते, डॉक्टर नाही झाली तरी चालेल पण जायचं नाही. भाची म्हणते, सहा वर्षं काय गोट्या खेळले का? भावजी गप्प आहेत. चौकशीचं काम माझ्याकडे आलंय.

व्हिसा मिळतो का? विमानं बंद आहेत तर जायचं कसं? विमा कुठला चालतो? आणि मुख्य म्हणजे मी तिच्यासोबत गेलो तर बरं की उगाच लोढणं? एका एजंटाने ‘सगळं धरून’ साडेतीन लाख सांगितलेत. कशाकशाचे, ते विचारलं तर म्हणतो, काका तुम्ही टेन्शन घेऊ नका.

टपरीवरचा | ६ सप्टेंबर, रात्री १०:०५

जाऊ नका. संपला धागा.

वॉर्साकर | ६ सप्टेंबर, रात्री ११:३०

टपरीवाले, तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण तो ताईंनी आधीच दिलाय.

गोदाकाठ, मी नऊ वर्षं पोलंडात आहे. २०२२ पासून किती मराठी पोरांना इथून पलीकडे जाताना आणि परत येताना पाहिलं त्याची मोजदाद नाही. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्हाला एक नाही, दोन व्हिसे काढायचेत, आणि त्यातला अवघड व्हिसा युक्रेनचा नाही.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. म्हणजे शेवटचा टप्पा जमिनीवरून, शेजारच्या देशातून. पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया किंवा मोल्दोव्हा. मोल्दोव्हा सोडला तर बाकी सगळं आता शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश. रोमानियाच्या जमिनीवरच्या हद्दीही यंदा १ जानेवारीपासून त्यात आल्या, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर ‘रोमानियाचा वेगळा व्हिसा काढा’ असं वाचलंत तर सोडून द्या. हातात युक्रेनचा व्हिसा आहे म्हणून शेंगेनमधून कोणी फुकट जाऊ देत नाही.

म्हणून क्रम असा : आधी युक्रेनचा व्हिसा, दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासातून. तो पासपोर्टवर लागला की मग शेंगेनचा अर्ज. उलटं करू नका. शेंगेनवाले पहिल्यांदा विचारतात, पुढच्या देशात तुला घेणार आहेत का? पुरावा दाखव.

आणि शेंगेनच्या अर्जात ‘किती वेळा प्रवेश’ हा रकाना असतो. तिथे दोन किंवा अनेक. पोलंडात उतरली तो एक प्रवेश. युक्रेनमधून परत पोलंडात आली तो दुसरा. व्हिसा हातात आला की व्हिसा केंद्राच्या दारातून बाहेर पडायच्या आधी स्टिकर वाचायचा. ‘०१’ दिसलं तर तिथेच थांबायचं.

डॉ_रानपाखरू | ७ सप्टेंबर, सकाळी ७:५०

वॉर्साकरदादांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून शंभर वेळा अनुमोदन. माझ्या रूममेटची गोष्ट सांगते.

आम्ही २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत गेलो होतो. हो, त्याच ऑक्टोबरात, ज्यात आपल्या दूतावासाने ‘मिळेल त्या मार्गाने युक्रेन सोडा’ अशा दोन सूचना काढल्या होत्या. पोरं एकीकडून बाहेर पडत होती आणि आम्ही आत. घरी काय सांगितलं होतं ते विचारू नका. रूममेटला एका देशाच्या व्हिसा केंद्रातून एकच प्रवेश मिळाला होता, पण ती स्टिकरवरचा स्वतःचा फोटो कसा आलाय तेवढंच बघत बसली. सहा महिन्यांनी घरी यायच्या वेळी कळलं की परत शेंगेनमध्ये पाऊल ठेवता येत नाही. शेवटी ल्विव्हमध्ये बसून मोल्दोव्हाचा ई-व्हिसा काढला, बसने किशिनाऊ, तिथून इस्तंबूल, मग मुंबई. बसमध्ये चौदा तास, आणि बाईसाहेबांना बस लागते.

मोल्दोव्हाची वाट वाईट नाही, बरं का. त्या वर्षी आमच्यातले बरेच जण जातानाही तिकडूनच गेले. व्हिसा ऑनलाइन आणि इस्तंबूलला विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर तिथला व्हिसा लागत नाही. पण फ्रांकिव्स्कला पोलंडकडून सोपं पडेल.

आता तिच्या व्हिसाचं. जुनी पोस्विदका (रहिवास कार्ड) चालू असती तर व्हिसाच लागला नसता. २०१९ ची बॅच म्हणजे संपलीच असणार. विद्यापीठाच्या पत्रात व्हिसाचा जो प्रकार लिहिलाय त्याच प्रकाराचा अर्ज करायचा, आपलं डोकं चालवायचं नाही. आमच्यातल्या एकाने ‘थोडेच दिवस तर जायचंय’ म्हणून अल्प मुदतीचा काढला आणि देकानातात गोंधळ झाला.

(देकानात म्हणजे डीनचं ऑफिस. ‘देकानातात जाऊन येते’ असं फोनवर म्हटलं की आई विचारायची, कुठल्या दुकानात?)

टपरीवरचा | ७ सप्टेंबर, सकाळी ९:१२

कोटीला दाद. मत तेच. :)

क्लेमबाई | ७ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. कुठल्या, ते विचारू नका.

आपल्याकडची कुठलीही नेहमीची प्रवास विमा पॉलिसी उघडा आणि ‘वगळलेल्या गोष्टी’ या पानावर जा. युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो. ही ओळ असतेच. म्हणजे भाची पोलंडात घसरून पडली तर पैसे मिळतील, पण पलीकडे ड्रोनचा तुकडा लागला तर नाही. एजंट ‘पूर्ण युरोप कव्हर’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुम्ही जे ऐकता ते तो बोललेला नसतो, एवढंच.

शेंगेनसाठी ३०,००० युरोंचा विमा लागतो, तो इथला चालेल. युक्रेनसाठी वेगळा घ्या. तिथल्या विमा कंपन्या परदेशी माणसांना युद्धजोखमीसह पॉलिसी ऑनलाइन विकतात. घेताना तीन गोष्टी बघा : ‘युद्धजोखीम’ हा शब्द शीर्षकात नव्हे तर अटींमध्ये आहे का, कोणते प्रदेश वगळलेत (आघाडीजवळचा भाग बहुतेक वगळलेला असतो), आणि तारखा. तारखांना पुढे-मागे आठवडाभर सूट ठेवा. गाड्या उशिरा येतात, परीक्षा पुढे जातात.

हरिभाऊ_चिपळूण | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

थोडं अवांतर. आमच्या वाडीतल्या एका मुलाला रशियात हेल्परची नोकरी लागतेय. पर्यटक व्हिसावर जायचं आणि तिथे गेल्यावर बदलून घ्यायचा, असं एजंट म्हणतो. पगार महिना दोन लाख. कोणाला काही माहिती?

वॉर्साकर | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०२

हरिभाऊ, मुलाचा पासपोर्ट आजच्या आज त्याच्या आईच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. ‘हेल्पर’ म्हणून नेलेली आपली पोरं रशियन सैन्याच्या करारावर सही करून खंदकात पोचली. त्या भाषेतलं अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना. परराष्ट्र मंत्रालयाने यंदाच्या जानेवारीत सांगितलेले आकडे : १२६ भारतीय, त्यातले ९६ परत आले, १२ मेले, १६ चा पत्ता नाही. सीबीआयने मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदवलाय.

आणि हेही सगळ्यांसाठी : पासपोर्टवर रशियाचे शिक्के असतील तर युक्रेनच्या हद्दीवर बाजूला घेऊन प्रश्न विचारतात. रशियाकडून क्रिमियात (रशियाने बळकावलेल्या युक्रेनच्या भागात) गेल्याचं दिसलं तर प्रवेशबंदीच.

हरिभाऊ_चिपळूण | ७ सप्टेंबर, रात्री ८:३०

त्याच्या घरी जाऊन आलो. वडिलांनी एजंटाला पन्नास हजार आधीच दिलेत. बघू.

व्यवस्थापक | ८ सप्टेंबर, सकाळी १०:००

युद्ध कोणामुळे सुरू झालं यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे प्रवासाबद्दलच लिहावे.

गोदाकाठ | १० सप्टेंबर, सकाळी ११:१५

सगळ्यांचे आभार. वही करून सगळं उतरवून घेतलं होतं. पण आज सकाळी बातमी बघितली का? रशियाचे ड्रोन पोलंडच्याच हद्दीत शिरले आणि काही पाडले. वॉर्साचा विमानतळ काही तास बंद होता. ताईने सकाळपासून तीन फोन केले. आता पोलंडही नको म्हणते.

वॉर्साकर | १० सप्टेंबर, दुपारी २:४०

खरं आहे. झेशुफ आणि लुब्लिनचे विमानतळही बंद ठेवले होते. आता उघडलेत, मी ऑफिसात बसून हे लिहितोय. ताईंना काय सांगावं ते मला कळत नाही. तिकीट मात्र असं काढा की तारीख बदलता येईल, आणि झेशुफला विमानाने यायच्या भानगडीत पडू नका. वॉर्सा किंवा क्राको गाठा, पुढे रेल्वे. विमानतळ बंद झाला तरी रूळ कुठे जात नाहीत.

शुभदा_आई | १० सप्टेंबर, दुपारी ३:३०

माझा मुलगा तेव्हा खारकीव्हला होता. नंतर त्याने कझाकस्तानात पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, दोन वर्षं वाया. जाऊ द्या किंवा देऊ नका, मी काही म्हणणार नाही. पण जाणार असेल तर एक करा : घरच्यांनी रोज एक वेळ ठरवून घ्या आणि त्या वेळेलाच फोन. मी २०२२ मध्ये दर दहा मिनिटांनी लावायचे. तो सीमेवर रांगेत उभा होता आणि त्याच्या फोनची बॅटरी माझ्यामुळे संपली.

डॉ_रानपाखरू | १० सप्टेंबर, रात्री ९:२५

शुभदाताई. _/\_

गोदाकाठकाका, सोबत जायचं का, हा तुमचा प्रश्न राहिला होता. स्पष्ट सांगते, तुम्ही युक्रेनमध्ये जाऊ नका. तुमच्यासाठी वेगळं निमंत्रण, वेगळा व्हिसा, वेगळा विमा. तिथे ती दिवसभर हॉस्पिटलात आणि तुम्ही खोलीत. सायरन वाजला की ती तुमची काळजी करणार. तिची तिला सवय आहे, तुमची नाही.

सायरनबद्दल. फोनवर हवाई धोक्याचं अ‍ॅप असतं, जिल्हा निवडायचा. ‘त्रिवोहा’ म्हणजे धोका, ‘विद्बीय’ म्हणजे संपला. जवळ तळघर नसेल तर दोन भिंतींचा नियम : तुम्ही आणि बाहेरचं जग यांच्यात दोन भिंती हव्यात. एक मार झेलते, दुसरी काचा आणि तुकडे अडवते. त्यामुळे आम्ही कितीतरी रात्री बाथरूमच्या बाहेरच्या बोळात गादी टाकून काढल्या. परीक्षेच्या मधेच वाजला तर पेपर तसाच ठेवून खाली जायचं, संपला की वर येऊन पुढे लिहायचं. आमच्या देकानातातल्या बाई शिक्क्यांचा डबा आणि शाईचा पॅड घेऊनच तळघरात उतरायच्या. माझ्या बोनाफाइडवरचा शिक्का तळघरातला आहे, किंचित तिरका. बाकी दिवशी त्या बाईंकडून एक शिक्का मिळवायला चार खेटे पडायचे. खाली मात्र पंधरा मिनिटांत काम.

बहुतेक शहरांत मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत संचारबंदी असते. तेव्हा रस्त्यावर दिसायचं नाही. नाकाबंदी, सैनिक, विमानविरोधी तोफा, स्फोटाची जागा यांचे फोटो काढायचे नाहीत. टाकायचे तर अजिबातच नाहीत. तो तिथे गुन्हा आहे, ‘स्टोरी’ नाही. पॉवर बँक २०,००० ची चालते विमानात, हातातल्या बॅगेत. थंडीत वीज तासांच्या हिशोबाने येते.

बोरकूट | ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

माझ्या मावसभावाची बायको युक्रेनियन आहे. मुलाकडे दोन्हीकडची कागदपत्रं आहेत, आजीला भेटायला जायचं म्हणतोय. वय चोवीस. त्यालाही हेच सगळं लागू का?

वॉर्साकर | ११ सप्टेंबर, सकाळी ८:४०

नाही! थांबवा त्याला. युक्रेनच्या कायद्याने तो त्यांचा नागरिक असेल तर तिथे तो फक्त त्यांचाच नागरिक. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना लष्करी कायद्यात बाहेर पडता येत नाही. गेल्या महिन्यात १८ ते २२ वाल्यांना सूट मिळाली, चोवीसवाल्याला नाही. आत सहज घेतील. बाहेर सोडणार नाहीत.

पोस्विदका | १४ सप्टेंबर, रात्री ११:५५

नमस्कार. मीच ती भाची. मामाने धाग्याची लिंक पाठवली म्हणून खाते उघडले.

रानपाखरूताई, तुमची तळघरातल्या शिक्क्याची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती पहिल्यांदा हसली, मग रडली, मग म्हणाली, कधी निघायचंय?

एक प्रश्न. परीक्षा झाल्यावर डिप्लोमा काही आठवड्यांनी मिळतो. तोवर थांबायचं नाहीये. परत दुसरी फेरी तर नकोच. काय करतात बाकीचे?

डॉ_रानपाखरू | १५ सप्टेंबर, सकाळी ६:३०

मुखत्यारपत्र! तिथे राहणाऱ्या विश्वासू माणसाच्या नावाने करून ठेव, तिथल्या नोटरीकडे, परीक्षेच्या त्या दिवसांतच. तुझी सही तिथेच लागते आणि तू तिथेच असणार, त्यामुळे हे सोपं. इथे बसून करायचं झालं असतं तर दिल्लीला दूतावासात जावं लागलं असतं. मजकुरात डिप्लोमा, गुणपत्रकाची पुरवणी आणि अपोस्टील (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घेण्याचा अधिकार हे तिन्ही शब्दशः लिहून घे. अपोस्टील तिथलं शिक्षण मंत्रालय करतं. एफएमजीईच्या (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या इथल्या परीक्षेच्या) अर्जाला पदवीवर अपोस्टील किंवा दूतावासाचं साक्षांकन मागतात. नुसता डिप्लोमा कुरिअरने आला तर परत पाठवायची वेळ येते.

जायच्या आधी कीव्हमधल्या आपल्या दूतावासात नाव नोंदव. २०२२ मध्ये तो काही काळ वॉर्सात हलवला होता, त्या मे महिन्यातच परत आला.

गोदाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

ताजी खबर. युक्रेनचा व्हिसा लागला. ५ तारखेला ल्विव्हवर मोठा हल्ला झाल्याची बातमी, आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घरी आला. पाकीट फोडावं की नाही असं झालं होतं.

एजंटाला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग अडकलात तर मला सांगू नका.

शेंगेनचा अर्ज पोलंडसाठी, दोघांचा. हो, दोघांचा. युक्रेनमध्ये मी जात नाही, रानपाखरू, तुमचं ऐकलं. पण हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या मोठ्या गावापर्यंत जातोय आणि ती येईपर्यंत तिथेच थांबतोय. माझा एकच प्रवेश पुरतो. शुल्क माणशी ९० युरो, वर केंद्राचा आकार. नियमाने पंधरा दिवस, लांबला तर पंचेचाळीस, म्हणून देव पाण्यात घातलेत. भेटीची वेळ मिळायलाच आठवडा गेला. खिडकीवरच्या मुलीने भाचीला विचारलं, “ट्रॅव्हल पर्पज?” ही म्हणाली, परीक्षा. “पोलंडमध्ये?” नाही, पुढे. तिने मान वर करून बघितलं, पुन्हा पत्र वाचलं आणि शेजारणीला बोलावलं.

वॉर्साकर | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

कालपासून युरोपच्या हद्दींवर नवी नोंदणी यंत्रणा सुरू झालीय, टप्प्याटप्प्याने. शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे. तुमचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेत, त्यामुळे तुमचा फक्त चेहरा टिपतील. सगळीकडे एकदम सुरू झालेली नाही, कुठे यंत्र तर कुठे शिक्का. रांगेला तासभर जास्त धरा.

गोदाकाठ | ५ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मिळाले. दोन्ही. भाचीच्या स्टिकरवर ‘मल्ट’, म्हणजे अनेक प्रवेश. केंद्राच्या दारातच उभं राहून वाचलं, सुरक्षारक्षक म्हणाला साहेब पुढे व्हा.

गोदाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३० (तिथली वेळ)

पशेमिश्ल इथून, म्हणजे हद्दीअलीकडचं ते पोलिश गाव. हे नाव मी पाच दिवस पाठ करत होतो, तरी तिकीट खिडकीवरच्या बाईंनी कागदावर लिहायला लावलं. क्राकोहून रेल्वेने तीनेक तास. जुनं, नक्षीदार छताचं स्टेशन आहे. युक्रेनच्या गाड्या अगदी या स्टेशनापर्यंत येतात, कारण त्यांचे रुंद रूळ इथवर टाकलेत. त्यांचे १५२० मिलिमीटर, पोलंडचे १४३५. आपल्या ब्रॉडगेजपुढे (१६७६!) दोन्ही लहानच. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान कीव्हला गेले तेही पोलंडातून रात्रीच्या गाडीनेच. विमान कोणालाच नाही.

भाचीची गाडी दुपारी गेली. तपासणीच्या दारापलीकडे मला जाऊ देत नव्हते. तिच्या पाठीवरच्या सॅकला मेतकुटाचा डबा बाहेरून बांधलेला, कारण आत जागा नव्हती. तो दाराच्या चौकटीला आपटला आणि ठण्ण वाजला. पोलिश शिपायाने डब्यावर टिचकी मारून बघितली. मग शिक्का मारला, यंत्र नाही.

पाच वाजता मेसेज आला : “युक्रेनच्या बाईंनी गाडीतच पासपोर्ट बघितला. निमंत्रण, विमा, पैसे विचारले. कॉलेजचं नाव ऐकून म्हणाल्या, आता आलीस?”

टपरीवरचा | १३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

काका, रोज एक ओळ तरी टाकत चला. माझं मत तेच आहे, पण टाका.

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर

रोज रात्री आठला फोन, शुभदाताईंच्या नियमाने. तीन मिनिटं. वीज दिवसातून काही तासच असते. खोलीच्या मालकीणबाई २०१९ पासून माहितीतल्या, त्यांनी हिला ओळखलं. तोंडी परीक्षेची तारीख २४.

मी इथे सान नदीच्या काठाने चालतो. पहिल्या महायुद्धातले किल्ले आहेत गावाभोवती. एका खानावळीत पिरोगी मिळतात, उकडीच्या मोदकाचे सपाट चुलतभाऊ. बटाट्याचे मागायचे, नाहीतर काय निघेल सांगता येत नाही.

गोदाकाठ | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४० (तिथली वेळ)

पहाटे तेर्नोपिलवर क्षेपणास्त्रं पडली. राहत्या इमारती. फ्रांकिव्स्कपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आठ वाजायची वाट बघितली नाही, मीच फोन केला. लागला नाही. वीज नव्हती. पावणेअकराला तिचा मेसेज आला, “बोळात आहे, ठीक, आईला सांग.” एवढाच. इकडे झेशुफ विमानतळ पुन्हा बंद केला होता. ताईला मी सांगितलं की बोलणं झालं. झालं नव्हतं.

शुभदा_आई | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१५ (आपली वेळ)

योग्य केलंत.

डॉ_रानपाखरू | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

तेर्नोपिलला माझ्या बॅचचे दोघं होते, शिकून परत आलेत. आज खूप जणांच्या ग्रुपवर तिथल्या घरमालकांची विचारपूस चालू आहे. काका, जेवून घ्या.

पोस्विदका | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१० (तिथली वेळ)

पास. :)

मधे एकदा सायरन झाला, चाळीस मिनिटं. परीक्षक आमच्या सोबतच तळघरात होते आणि तिथे उभ्या उभ्या मला प्री-एक्लॅम्प्सियावर दोन प्रश्न जास्तीचे विचारले. मुखत्यारपत्र शुक्रवारीच झालं, मालकीणबाईंच्या सुनेच्या नावाने, अपोस्टीलचा शब्द घालून. परवाची गाडी.

टपरीवरचा | २४ नोव्हेंबर, रात्री उशिरा

डॉक्टरबाई, अभिनंदन. पेढे.

क्लेमबाई | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अभिनंदन! पॉलिसीची तारीख कधीपर्यंत आहे?

पोस्विदका | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

३ डिसेंबर. तुमचा आठवडा धरूनच. :)

हरिभाऊ_चिपळूण | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:००

अभिनंदन. आमच्या वाडीतला मुलगा लोट्याला कारखान्यात लागला. पन्नास हजार गेले ते गेले.

गोदाकाठ | २६ नोव्हेंबर, रात्री ११:२० (तिथली वेळ)

गाडी तीन तास चाळीस मिनिटं उशिरा आली. फलकावरचा आकडा वाढत गेला तसा मी कॉफी पीत गेलो, आता झोप येणार नाही म्हणून लिहितोय.

उतरल्यावर तासभर पासपोर्टची रांग. काचेतून मला दिसत होती. दुसरा प्रवेश, ‘मल्ट’, शिक्का, कोणी एक अक्षर विचारलं नाही. मग कस्टमचं टेबल. मालकीणबाईंनी घरचं चीज, डुकराच्या चरबीचा एक तुकडा (हिने कितीदा सांगितलं खात नाही म्हणून) आणि मधाची बरणी बांधून दिली होती. बाहेरून येणारं मांस आणि दूधदुभतं युरोपात आणता येत नाही, ते दोन्ही काढून निळ्या पिंपात टाकलं. मध दोन किलोपर्यंत चालतो. बरणी वजनकाट्यावर ठेवली, सव्वा किलो भरली आणि परत दिली.

मेतकुटाचा डबा तिकडेच ठेवून आली. त्या बाई आता उकडलेल्या बटाट्यावर घालून खातायत म्हणे.

ताईला फोन लावलाय, तिघांचं बोलणं चालू आहे. बाकीचं उद्या लिहितो. किती खर्च आला ते एजंटाच्या आकड्याशेजारी मांडून टाकेन, पावत्या सगळ्या ठेवल्यात.